नवरीच्या मामांनी मंडपात यावं

"बाई, दोन शेड उजळ करा," नवरीच्या चुलतीनं मला फर्मावलं, तेव्हा अजून उजाडायचं होतं.

"दोनच कशाला?" मी म्हटलं. "चुनाच लावते की सरळ. बाहेरच्या भिंतीला लावून उरला असेल."

चुलतीनं ते मनावर घेतलं नाही. अशा बायकांना टोमणा पोचेपर्यंत लग्नाचं वऱ्हाड घरी गेलेलं असतं. ती मान डोलावत म्हणाली, "कायबी लावा, पर फोटोत गोरी दिसाय पायजे. नवरदेवाची बहीण लई गोरी हाय."

ही वीस-बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. बार्शीत माझं 'शरयू ब्युटी पार्लर' होतं. आता गुडघ्यांनी दावा मांडल्यामुळं ते बंद केलं, पण ऐन भरात असताना वैशाखात मला मरायलाही सवड नसायची. त्या दिवशी तर दोन नवऱ्या होत्या. दुपारची वनिता थिटे, कुर्डुवाडी रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात, आणि गोरज मुहूर्ताची दुसरी, गावातल्या कार्यालयात. मदतीला येणारी बाई स्वतःच्याच पुतणीच्या लग्नाला गेली होती. वैशाखात सगळ्यांनाच पुतण्या असतात.

वनिताला आरशासमोर बसवलं आणि माझ्या लक्षात आलं की हिला फारसं काही करायची गरज नाही. सावळा, तुकतुकीत रंग, रुंद कपाळ, तरतरीत नाक. बी. ए. झालेली होती आणि बोलायची कमी. नवऱ्या एक तर रडतात, नाहीतर दर पाच मिनिटांनी "कशी दिसतेय?" विचारतात. ही नुसती समोर बघत होती.

"तुला काय हवंय? उजळ की आहे तशी?" मी विचारलं.

"आहे तशी."

"तुझ्या काकूला चालणार नाही."

"काकूचं लग्न झालंय, ताई."

मला मुलगी आवडली. एवढ्यात तिची आई, सुलोचनाबाई, चहा घेऊन आल्या. हातात नवा चुडा, अंगावर नवी साडी, आणि चेहरा मात्र रोज पहाटे पाणी भरणाऱ्या बाईचा. त्यांचा डावा हात कोपरातून नीट सरळ होत नव्हता. कपबशी ठेवताना त्यांनी उजव्या हातानं डाव्याला आधार दिला. विचारणं माझ्या कामात बसत नव्हतं. बायकांचे चेहरे रंगवायचे, त्यामागचं काही विचारायचं नाही, असा या धंद्याचा रिवाज आहे आणि तो मी पाळत आले.

चहा तोंडाला लावते तोच दार धाडकन उघडलं. एक उंच, राकट माणूस आत आला, गालात तंबाखू, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला. इकडंतिकडं न बघता त्यानं खोलीतल्या टेबलफॅनची वायर उपसली आणि फॅन काखेत मारला.

"ओ! कुठं चालवला फॅन?"

"नवरदेवाच्या खोलीत. पावणं घामानं भिजल्यात."

"आणि इथं नवरीचा मेकअप ओघळला म्हणजे? तुमचे पाहुणे येऊन पुसणार आहेत?"

"मग पावण्यांस्नी वारा कोण घालनार? तुमी?"

"मामा," वनिता आरशातूनच म्हणाली, "फॅन ठेवा."

त्यानं फॅन जागेवर ठेवला, वायरही पुन्हा लावली. "ठेवला बग. तू म्हनलीस म्हनून. ह्या बाईच्या तोंडाकडं बगून न्हवं," असं म्हणून माझ्याकडं एक जळजळीत नजर टाकून तो निघून गेला.

"माझे मामा. भानुदास," वनिता म्हणाली. "टेम्पो आहे त्यांचा. कॉलेजची तीन वर्षं मी त्यांच्याकडंच राहिले, बार्शीला."

"बोलतात फार गोड," मी म्हटलं.

ती पहिल्यांदा हसली. मला तो माणूस मुळीच आवडला नव्हता. तासाभरात तो मांडववाल्याशी भांडला, आचाऱ्याशी भांडला, आणि गाडी आडवी लावली म्हणून नवरदेवाच्या चुलत्याशीही भांडला. त्याचा आवाज मला प्रत्येक भिंतीतून ऐकू येत होता.

ऊन वर आलं तशी माझ्या खोलीबाहेर बायकांची रांग लागली. नवरीचं ठरलेलं असतं, पण कार्यालयात पार्लरवाली दिसली की सगळ्या आत्या, माम्या, जावांना आपलाही चेहरा आहे याची आठवण होते. एकीला भुवया कोरून हव्या होत्या, एकीला अंबाडा, एकीला 'नुसता हात फिरवा' म्हणजे नेमकं काय ते तिलाही ठाऊक नव्हतं. एका करवलीनं माझी लिपस्टिक लावून बघितली आणि परत देताना "बरी नाही" म्हणाली. मी हात चालवत होते आणि तोंडही.

वनिताच्या वडिलांना मी तेव्हा पहिल्यांदा नीट बघितलं. दिनकरराव थिटे. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, कपाळाला टिळा, आणि हातात मोबाइल, जो त्या काळी गावात मोजक्यांकडं होता आणि त्यांनी तो शर्टाच्या खिशात कधीच ठेवला नाही, कारण मग दिसला नसता. साखर कारखान्याच्या संचालक मंडळात घुसायचा त्यांचा विचार होता. कारखान्याचे व्हाइस चेअरमन अण्णासाहेब लग्नाला येणार म्हणून त्यांचं सगळं चालू होतं. नवरीनं शालू नेसायचा नाही, नऊवारीच नेसायची, हेही त्यांचंच, कारण अण्णासाहेबांच्या घरच्या लग्नात नऊवारी होती. लेकीचं लग्न आहे, हे त्यांना कुणीतरी आठवण करून द्यायला हवं होतं.

नऊवारी नेसवून झाली आणि मी मानेचा घाम पुसायला बाहेर बोळात आले. तिथं दिनकरराव आणि भानुदास उभे होते.

"मठ्ठ्याला बर्फ कमी पडतुया," दिनकरराव म्हणत होते. "इथला संपला सगळा. कुर्डुवाडीला मिळंल. घेऊन ये जा टेम्पो."

"आता? दाजी, मुहूर्त हाय की."

"अरे, अण्णासाहेब आल्याबगर अक्षता पडत्यात व्हय? जाऊन येशील आरामात. का लोकांस्नी कोमट मठ्ठा पाजायचा? तुज्या भाचीच्या लग्नात?"

ते शेवटचं वाक्य बरोबर लागलं. भानुदास तंबाखू थुंकून टेम्पोकडं पळाला. मी मनात म्हटलं, बरं झालं, तासभर शांतता मिळेल.

आत येऊन वनिताच्या नथीचा आकडा बसवता बसवता मी सहज सांगितलं, "तुझे मामा गेले कुर्डुवाडीला. बर्फ आणायला."

आकडा माझ्या हातातून सुटला, इतक्या झटक्यानं तिनं मान वळवली.

"कुणी पाठवलं?"

"तुझ्या वडिलांनी."

ती पुन्हा आरशाकडं वळली. मी नथ घातली, मुंडावळ्या बांधल्या. मला वाटलं, आता रडणार, आणि काजळ मला पुन्हा घालावं लागणार. पण ती रडलीही नाही.

मुहूर्त पत्रिकेत बारा वाजून एकतीस मिनिटांचा छापला होता. ती एकतीस मिनिटं कुठल्या ज्योतिष्यानं शोधली होती देव जाणे. साडेबाराला माइकवरचे काटकर सर (शाळेत मराठी शिकवायचे आणि लग्नात त्याचा सूड घ्यायचे) "मान्यवरांच्या आगमनाची आपण चातकासारखी वाट पाहत आहोत" असं सांगत होते. एक वाजता गाड्यांचा ताफा आला. मग सत्कार सुरू झाले. अण्णासाहेबांना फेटा. अण्णासाहेबांबरोबर आलेल्यांना फेटे. त्यांच्या ड्रायव्हरलाही एक फेटा गेला असावा, कारण फेटे संपले आणि नवरदेवाच्या आजोबांना टोपीवर भागवावं लागलं. मग अण्णासाहेब बोलायला उभे राहिले. त्यांनी या हंगामात किती ऊस गाळला ते सांगितलं, पुढच्या हंगामात किती गाळणार ते सांगितलं, आणि शेवटी, संसारही कारखान्यासारखाच असतो, असं सांगून वधूवरांना आशीर्वाद दिले. नवरदेव तोवर पाटावर उभा राहून शिजत होता. हजारभर माणसं मुठीत अक्षता धरून बसली होती, आणि त्या अक्षतांचा घामानं भात व्हायची वेळ आली होती.

मग काटकर सरांचा आवाज बदलला, एकदम मंगल झाला.

"आता नवरीच्या मामांनी नवरीला घेऊन मंडपात यावं. आणि मंडळी, आज थिटे परिवाराचं भाग्य थोर! नवरीचे मामा म्हणून हा मान स्वीकारून खुद्द माननीय अण्णासाहेब वधूला मंडपात घेऊन येत आहेत! टाळ्या!"

टाळ्या झाल्या. टाळ्यांचं काय, आमच्याकडं त्या जनरेटर सुरू झाला तरी होतात.

मी वनिताकडं पाहिलं. ती माझ्याकडं बघत होती. बोळात चपलांचा आवाज आला, दिनकररावांचा आवाज आला, "या, या साहेब, इकडं, इकडून." बरोबर फोटोग्राफर, व्हिडिओवाला, आणि लाइट धरणारा. सगळं लटांबर दाराशी येऊन ठेपलं.

"ताई," वनिता म्हणाली, "साडी सुटली."

"काहीतरीच काय! माझ्या हातची साडी पाठवणीपर्यंत सुटत नाही."

तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. मग शांतपणे हात मागं नेऊन काष्ट्याची खोच उपसली, आणि कमरेची गाठ ओढली. तासाभराचं माझं काम पायांत गोळा होऊन पडलं.

माझा असा संताप झाला की हात उगारायचाच बाकी होता. एवढ्यात दार लोटलं गेलं आणि मी ओरडले, "बाहेर! बाहेर व्हा सगळे! साडी सुटलीय नवरीची!"

व्हिडिओवाल्याचा लाइट विझला. पुरुषमाणसं अशी मागं सरली, जणू आत साप निघाला होता. आमच्या गावात पुरुष कुठल्याही दारात घुसतात, पण या एका वाक्याला अजून मानतात.

"किती वेळ लागंल?" दिनकररावांनी बाहेरून विचारलं.

"नऊवारी आहे. तुम्हीच सांगितली होती."

दारातून सुलोचनाबाई आत आल्या. लेकीकडं, खाली पडलेल्या साडीकडं, मग माझ्याकडं बघितलं. आपोआप सुटलेली साडी कशी दिसते आणि मुद्दाम सोडलेली कशी, हे प्रत्येक बाईला कळतं. त्यांनी दार लावून घेतलं, आणि त्याला पाठ लावून उभ्या राहिल्या. चुलती बाहेरून दार ढकलायला लागली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "गर्दी नगं. नेसवतायत."

मी साडी उचलली. "हे काय आहे सगळं?" दबक्या आवाजात विचारलं. "मामा आणला काय आणि साहेब आणला काय, दहा पावलांचा तर प्रश्न. एवढं काय अडलंय?"

वनिता हात वर करून उभी होती. मी पदर मोजत होते. तिनं आईकडं पाहिलं, आईनं खाली पाहिलं.

"मी सातवीत होते," वनिता म्हणाली. "पप्पांनी आईचा हात मोडला. लाकडानं. मामा आला. घरात आला नाही, बोलला काही नाही. चावडीपुढं पप्पा चार लोकांत बसले होते, तिथं जाऊन त्यांच्या मुस्काटात दिली. सगळ्यांदेखत. म्हणाला, परत हात लावला तर परत येईन."

"मग?"

"मग नाही लावला. आजवर नाही."

मी निऱ्या घेत होते.

"मामा दिवाळीला येतो, नागपंचमीला येतो. आईला नुसतं बघून जातो. पप्पा त्याच्याशी गोड बोलतात, पण ते विसरलेले नाहीत. आज सगळा गाव बसलाय. नवरीचा मामाच जर मंडपात नाही दिसला, तर लोक काय समजतील? थिट्यांनी मेहुण्याला उडवून लावला. पप्पांनाही तेच पाहिजे. मी तर आज चालले. उद्यापासून घरात आई आणि ते दोघंच."

सुलोचनाबाई दाराला पाठ लावून तशाच उभ्या होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त वाकडा हात त्यांनी पदराखाली घेतला.

बाहेर काटकर सर काहीतरी शेर म्हणत होते. मी वनिताच्या कमरेची गाठ मारली, बघितली, आणि सोडली.

"नीट नाही बसली," मी म्हटलं. "परत घेऊ."

धंद्याच्या एवढ्या वर्षांत मी साडी कधी सावकाश नेसवली नाही. त्या दिवशी नेसवली. निऱ्या पाडल्या, मोडल्या, पुन्हा पाडल्या. काठ वरखाली झाला म्हणून पुन्हा सुरुवात केली. पिन हरवली म्हणून जमिनीवर वाकून शोधली, ती माझ्याच तोंडात होती. बाहेरून दिनकररावांचा आवाज दर वेळी चढत होता आणि प्रत्येक वेळी सुलोचनाबाई त्याच शांतपणे म्हणत होत्या, "होतंय. होतंय."

"काय चाललंय आत? साहेब उभे हायेत!"

"होतंय."

भटजींनी माइकवरून सांगितलं, की शुभ घटिका अजून टिकून आहे. ती बिचारी घटिका आमच्याकडं नेहमीच टिकून असते, पुढारी जाईपर्यंत.

बोळात वारा नव्हता. व्हिडिओवाल्याचा लाइट पुन्हा लागला होता आणि त्याच्या झोतात अण्णासाहेब नवा फेटा घालून उभे होते. दाराच्या फटीतून मला ते दिसत होते. फेट्याचा रंग त्यांच्या कपाळावरून खाली उतरायला लागला होता. त्यांनी घड्याळ बघितलं. मग जवळच्या माणसाकडं बघितलं. तो माणूस दिनकररावांच्या कानाशी लागला. दिनकररावांनी हात जोडले.

"पाचच मिन्टं, साहेब. आनतील भायेर आता."

"दिनकरराव, अजून दोन लग्नं हायेत मला," अण्णासाहेब म्हणाले. "माढ्याचं तर माझ्यावाचून थांबलंय. आशीर्वाद दिलेत की मी. आन् मामा म्हंजे काय, कुनीबी घेऊन येईल पोरीला. तिचा खरा मामा असंल की कुनीतरी."

एवढं म्हणून ते वळले. दिनकरराव त्यांच्या मागं, "साहेब, साहेब, पंगतीला तरी," करत बोळातून, मंडपाच्या कडेनं, थेट गेटापर्यंत. चुलतीनं नंतर सांगितलं, की गाडी सुरू झाली तरी ते काचेवर हात ठेवून बाजूनं पळत होते. लेकीच्या अक्षता पडायच्या वेळी बाप दुसऱ्याच्या गाडीबरोबर पळतो, हे दृश्य व्हिडिओवाल्यानं मात्र घेतलं नाही. त्याला तेवढी अक्कल असती तर तो लग्नाच्या धंद्यात पडला नसता.

आणि त्याच गेटातून टेम्पो आत आला.

मी तो बघितला नाही, हॉर्न ऐकला. सुलोचनाबाई दारापासून हलल्या. मला वाटलंही नव्हतं त्या इतक्या भराभर चालू शकतात. दोन मिनिटांत त्या भावाला मनगटाला धरून घेऊन आल्या. भानुदासचा शर्ट पुढून पूर्ण ओला, केसांत बर्फावरचा भुसा, आणि धापा टाकत होता.

"आक्का, कपडं तरी बदलू दे! असा कसा येऊ? दाजी कुठं हायेत? कुर्डुवाडीतबी बर्फ न्हवता, मोडनिंबपतुर गेलो..."

"चल," सुलोचनाबाई म्हणाल्या.

मी काष्ट्याची खोच मारली. या वेळी पहिल्याच फटक्यात बसली.

वनितानं हात पुढं केला. भानुदासनं हात शर्टाला पुसला, पण शर्टच ओला होता. "लई गार हायेत गं," तो ओशाळून म्हणाला.

"असू द्या," ती म्हणाली, आणि तिनंच त्याचा हात धरला.

काटकर सरांना काही कळेना. त्यांच्यासमोर कागदावर अण्णासाहेब लिहिलेलं असणार, आणि मंडपाच्या मधल्या वाटेनं भुसा लागलेला एक ओला टेम्पोवाला नवरीला घेऊन येत होता. माइकवर नुसता घशाचा आवाज आला. मग त्यांच्यातला मास्तर जागा झाला आणि ते म्हणाले, "नवरीचे मामा नवरीला घेऊन मंडपात आलेले आहेत. सर्वांनी उभं राहावं." सगळा मंडप उभा राहिला. साध्या वाक्याला लोक उभे राहतात हे सरांना त्या दिवशी कळलं असेल तर बरं.

दिनकरराव गेटावरून परत आले तेव्हा दुसरं मंगलाष्टक चालू होतं. अंतरपाटामागं मेहुणा उभा असलेला त्यांना दिसला. ते जागच्या जागी थांबले. हजार माणसांसमोर त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं. कुणीतरी त्यांच्या हातात अक्षता दिल्या आणि त्यांनी त्या टाकल्या.

पण राग बाहेर निघाल्याशिवाय अशा माणसांना जेवण जात नाही. अक्षता पडल्या, हार घातले, आणि पंगती बसायच्या आत त्यांनी भानुदासला मंडपातच गाठलं.

"कुठं मेला हुतास? तुज्यामुळं मुहूर्त टळला! नवरीचा मामा वेळंवर न्हाई म्हनून साहेबांना बोलवाय लागलं, तेबी ताटकळून गेले. माझ्या लेकीच्या लग्नाला गालबोट लावलंस!"

आजूबाजूची माणसं बघायला लागली. मी तिथंच, वनिताच्या मुंडावळ्यांचा दोरा नीट करत होते. सकाळी माझ्या फॅनवरून आकाशपाताळ एक करणारा तो माणूस आता उलटून काय बोलतो, याची मी मजेनं वाट बघत होते. पण भानुदासनं मान खाली घातली आणि हात जोडले.

"चुकलं, दाजी."

माझा विरस झाला. खरं सांगायचं तर मला राग आला, दिनकररावांपेक्षा त्याचाच जास्त.

वनितानं तोंड उघडलं होतं. आईनं तिच्याकडं बघितलं आणि तिनं ते मिटलं.

दुपार कामात कशी गेली कळलं नाही. सप्तपदीसाठी साडी बदलली, रिसेप्शनसाठी पुन्हा बदलली, एका करवलीची चिकटवलेली पापणी जिलबीच्या पाकात पडली म्हणून ती रडत बसली होती, तिला गप्प केलं. जेवण माझं राहिलंच. पाठवणीच्या वेळी वनिता आईच्या गळ्यात पडली तेव्हा दिनकरराव मोबाइलवर कुणाला तरी साहेबांचा निरोप विचारत होते.

मला गोरज मुहूर्ताची दुसरी नवरी गाठायची होती आणि ठरवलेला रिक्षावाला आलाच नाही. पेटी घेऊन मी गेटावर उभी होते, तेव्हा भानुदासनं टेम्पो समोर लावला.

"बसा. गावातच चाललोय."

"फॅन नाही माझ्याकडं," मी म्हटलं. "नुसती पेटीच आहे."

त्यानं पेटी उचलून मागं ठेवली. मी पुढच्या सीटवर बसले. थोडा वेळ रस्ता गेला. उन्हं कलली होती.

"बाई," तो रस्त्याकडं बघत म्हणाला, "माज्यामुळं तुमालाबी दोनदा साडी नेसवाय लागली म्हनं. माफ करा. पोरीच्या लग्नात माज्यामुळं खोट ऱ्हायली. एवढं साधं काम, बर्फ आनायचा, तेबी धड झालं न्हाई."

माझ्याच्यानं राहवेना. दिवसभर उपाशी होते, पाठ धरली होती, आणि हा माणूस माझीच माफी मागत होता.

"तुम्हाला काही कळतं की नाही?" मी म्हटलं. "बर्फासाठी नाही पाठवलं तुम्हाला. तिथून घालवलं. साहेबांच्या हातून पोरगी मंडपात न्यायची होती त्यांना. आणि साडी सुटली नव्हती. तिनं सोडली, माझ्यासमोर. तुम्ही येईपर्यंत वेळ काढायला सोडली. तुमची बहीण दाराला पाठ लावून उभी राहिली, म्हणून कुणी आत आलं नाही. आणि तुम्ही सगळ्यांदेखत हात जोडून 'चुकलं' म्हणता! सकाळी तर तोंडात तोफ होती!"

भानुदासनं टेम्पोचा वेग कमी केला. मग बाजूला घेऊन थांबवलाच. मागून येणाऱ्या एसटीनं हॉर्न दिला आणि ती पुढं गेली. त्यानं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले.

"आक्का दारात उभी ऱ्हायली?" त्यानं विचारलं.

"हो."

"दाजींनी बगितलं?"

"दार बंद होतं. आवाज ऐकला फक्त."

"आन् साडीचं? कुनाला ठावं हाय?"

"आम्हा तिघींना. आता तुम्हाला."

त्यानं माझ्याकडं वळून बघितलं. सकाळची ती जळजळीत नजर नव्हती, पण त्याहून कडक होती.

"मग पाचवं मानूस व्हायला नगं, बाई. दाजी गडबडीनं मला पाठवत हुते तवाच माज्या मनात आलतं, ह्यात कायतरी हाय. पर बर्फाला न्हाई म्हनलो असतो तर तितंच भांडान झालं असतं, आन् लग्नात इस्कोट नगं म्हनून गेलो. आल्यावरबी चुकलं म्हनलो. म्हनू द्या त्यांना माज्यामुळं मुहूर्त टळला. गावालाबी म्हनू द्या. माज्यावर राग काढून मला काय करनार हायेत ते? पर लेकीनं मुद्दाम केलं, आन् आक्कानं तिला साथ दिली, हे जर कळलं..." त्यानं वाक्य पुरं केलं नाही. गिअर टाकला. "मी काय रोज तितं नसतो, बाई. माजी बहीन रोज त्या घरात ऱ्हातीया."

गावातल्या कार्यालयाशी त्यानं टेम्पो थांबवला, माझी पेटी उतरवून दिली आणि निघून गेला. मी आत गेले. दुसरी नवरी केस मोकळे सोडून, रडकुंडीला येऊन बसली होती, आणि तिची आई कमरेवर हात ठेवून दारातच उभी होती.

"किती उशीर हा, शरयूताई!" ती माझ्यावर खेकसली. "तिकडं काय सोनं लागलं होतं?"

मी पेटी उघडली, कंगवा काढला.

"काय सांगायचं," मी म्हटलं. "तिकडच्या नवरीचा मामाच उशिरा आला."